अकरा आणि तेहतीस मिलिमीटर

शनिवारी सकाळी सव्वानऊला, ओटकेकचं, म्हणजे ओटच्या पिठाच्या धिरड्यांचं, गरम पुडकं शेजारच्या सीटवर ठेवून मी बर्स्लेमहून घरी निघालो होतो, आणि मागच्या आरशात निळा दिवा फिरायला लागला. सवयीनं मी गाडी बाजूला घेतली. कुणाच्या तरी मागे लागले असतील, जाऊ दे बिचाऱ्यांना पुढे. पण पोलिसांची गाडी पुढे गेली नाही. ती माझ्याच मागे येऊन उभी राहिली, एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदाच. आणि गंमत अशी की ती थांबायच्या अर्धा क्षण आधीच मला कळलं होतं, हे कशासाठी ते. ब्रेकचे दिवे लागतात, टायर नवे आहेत, वेग अठ्ठावीसच्या वर नव्हता. मग राहिलं काय? मागची नंबरपाटी. चौदा महिने जी गोष्ट मी स्वतःशीसुद्धा मोठ्यानं बोललो नव्हतो, ती आता पिवळं जाकीट घालून माझ्या खिडकीकडे चालत येत होती.

पंचविशीतली पोरगी होती. नाकाचा शेंडा सर्दीनं लाल झालेला, हातात छोटं यंत्र. "गाडी तुमचीच का, डक?" आमच्या स्टोकमध्ये पोलीससुद्धा दंड करण्याआधी माणसाला डक म्हणतात, जिव्हाळा जिव्हाळ्याच्या जागी, दंड दंडाच्या जागी. माझीच, मी म्हणालो. "मागची पाटी बघितलीत का कधी नीट?" बघितली आहे. "मग त्यात काय चुकलंय ते सांगू?" नको, म्हटलं, मीच सांगतो. आणि सांगितलं. डी आणि तीनचा आकडा हा एक गट. एन, वाय, एस हा दुसरा गट. गटातल्या दोन अक्षरांच्या मध्ये अकरा मिलिमीटर जागा पाहिजे, आणि दोन गटांच्या मध्ये तेहतीस. इथे तीनच्या पुढेही अकराच आहेत. सगळं एका ओळीत चिकटलंय, त्यामुळे तीन हा तीन वाटत नाही, उलटा ई वाटतो, आणि गाडीच्या पाठीवर 'डेनिस' असं माझं नाव वाचता येतं. तिनं हातातलं यंत्र खाली घेतलं. "तुम्हाला हे इतकं कसं माहीत?" पस्तीस वर्षं गाड्यांची वार्षिक तपासणी करत होतो, म्हटलं. तिनं हसू दाबलं, पण नीट दाबता आलं नाही. "अहो, मग?" ती म्हणाली.  शंभर पौंडांचा दंड तिनं यंत्रात टाकला. पाटी लवकर बदलून घ्या, पुन्हा सापडलात तर प्रकरण कोर्टात जाईल, आकडा हजारापर्यंत जाऊ शकतो, आणि हा नंबरच काढून घेतला तर तो परत मिळत नाही, असं सगळं तिनं समजावलं. मीच हे वाक्य आयुष्यभर लोकांना समजावत आलो, त्यामुळे तिचं कुठे चुकतंय का ते मी ऐकत होतो. चुकलं नाही. पोरगी हुशार होती. जाताना म्हणाली, "नाव छान बसलंय मात्र."

ती गेली तरी मी गाडी सुरू केली नाही. ओटकेकचा वास, आतल्या वितळलेल्या चीजचा आणि बेकनचा, काचा बंद असल्यामुळे सगळीकडे भरून राहिला होता, आणि खरं सांगायचं तर मला भूकही लागली होती. माणसाची लाज आणि भूक एकाच वेळी जागी असू शकते हे मला नव्यानं कळलं. अहो, मग? टन्स्टॉलच्या गॅरेजमध्ये मला सगळे 'नापास पॉडमोर' म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, मला त्याचं काही वाटत नसे. उलट बरं वाटायचं. मी कुणाची चुकीची गाडी पुढे जाऊ दिली नाही. माझी बायको नोरीन, तिच्या भावाची, क्लिफर्डची गाडी मी त्याच्या मुलीच्या लग्नाच्या दोन दिवस आधी नापास केली, कारण त्यानं पाटीवरच्या स्क्रूला काळं टोपण लावून एकाचा आकडा टी करून टाकला होता. "अरे, पोरीला चर्चला न्यायचंय मला!" तो ओरडला. म्हटलं, टोपण काढ, मग खुशाल ने. त्यानं दीड वर्ष माझ्याशी अबोला धरला, आणि नोरीननं त्या दीड वर्षात मला एकदाही बोल लावला नाही. "चुकलं होतं ना? मग झालं," एवढंच म्हणाली. संध्याकाळच्या चहाला मी दिवसभराच्या पाट्या तिला सांगत बसायचो. कुणी अक्षरं वाकडी केलीत, कुणी फट बुजवलीय, कुणी फट नसलेल्या जागी केलीय. ती मोज्याला ठिगळ लावत किंवा बटाटे सोलत ऐकायची. बायका नवऱ्याचं ऐकतात तसं, अर्धं. असं आपलं मला वाटायचं.

तिचंही काम मोजमापाचंच होतं. कपबशांच्या कारखान्यात चाळीस वर्षं ती नक्षी बसवायची. पाण्यात भिजवलेलं पातळ चित्र कपावर सरकवायचं, दांडीपासून दोन्हीकडे सारखं अंतर ठेवायचं, रबराच्या तुकड्यानं खालचं पाणी आणि हवा काढून टाकायची, आणि पुढचा कप. पट्टी नाही, खूण नाही, नुसता डोळा. एका दिवसात किती कप व्हायचे ते मी कधी विचारलं नाही, पण रविवारी जेवायला बसली की ती टेबलावरची मिठाची आणि मिरपुडीची बाटली नकळत सरळ रेषेत सरकवायची, आणि माझा हात लागून हलली की पुन्हा. मग डोळे गेले. पूर्ण गेले नाहीत, नजरेच्या मधोमध गेले. जिकडे बघायचं तिकडेच एक करडा डाग, आणि कडेनं सगळं शाबूत. डॉक्टर म्हणाले, वय. ती म्हणाली, बासष्ट हे काय वय आहे? पुढे सात-आठ महिने ती कामावर जात राहिली, आणि नक्षी बसवत राहिली, आणि ती वाकडी बसत राहिली. हे तिच्या देखरेखबाईला दिसलं, बाजूच्या चार बायकांना दिसलं, भट्टीवाल्याला दिसलं. सगळ्यांचा तिच्यावर जीव. कुणी काही बोललं नाही. तिचे कप गुपचूप दुय्यम मालाच्या पेटीत जायचे आणि तिच्या नावावर दुसऱ्याच कुणाचे तरी चांगले कप लागायचे. एके दिवशी ती चुकून त्या पेटीशी गेली. कप उचलला, अंगठ्यानं चाचपला, चित्राची कड दांडीला टेकलेली तिला बोटाला कळली. दुसरा उचलला. तिसरा. त्याच दुपारी ती एप्रन घडी करून टेबलावर ठेवून घरी आली. मी तिला रडताना फार कमी वेळा पाहिलंय, तेव्हाही ती रडली नाही. म्हणाली, "चूक सांगितली असती तर मी दुरुस्त केली असती, नाहीतर सोडून दिलं असतं. पण त्यांनी मला सांगण्याच्या लायकीचंच ठेवलं नाही, डेनिस." त्या बायकांपैकी दोघी नंतर केक घेऊन घरी आल्या होत्या. तिनं केक घेतला, दार लावून घेतलं.

म्हणजे बघा. आणि त्याच बाईनं माझ्या सत्तराव्या वाढदिवसाला डोळ्यांवर मफलर बांधून मला अंगणात नेलं. नोव्हेंबरची थंडी, पायात घरातल्या सपाता, शेजारचं कुत्रं भुंकतंय. मफलर सुटला आणि गाडीच्या पाठीवर मी. पिवळ्यावर काळं, टपोरं. नंबर तिनं कधी शोधला, कधी विकत घेतला, माझ्या सहीचे कागद माझ्याकडून कशाकशात गुंडाळून सही करून घेतले, ते तिलाच ठाऊक. पाटी बाजारातल्या एका ओळखीच्या गाळेवाल्याकडे तिनं स्वतःच्या हातानं बसवली होती. एकेक काळं अक्षर मान वाकडी करून, कडेच्या नजरेनं आणि बोटांनी. अक्षरं सुंदर बसली होती. एक केसभर वर नाही की खाली नाही. आणि फट नव्हती. ती मला पहिल्या नजरेत दिसली, म्हणजे दिसली नाही. पस्तीस वर्षांच्या सवयीनं माझं तोंड उघडलं. ती माझ्या शेजारी उभी होती, गाडीच्या जरा डावीकडे बघत, कारण तसं बघितलं की तिला गाडी दिसते. "कसं दिसतंय?" तिनं विचारलं. आणि मी म्हणालो, "झकास."

त्या एका शब्दावर चौदा महिने गाडी चालवली. गाडीला अजून तीन वर्षं व्हायची होती, म्हणून तपासणीची भानगड नव्हती. पण पुढच्या महिन्यात होती, आणि तिथे माझ्याच हाताखाली शिकलेला माणूस खाली वाकून पाटी बघणार होता. रोज ठरवायचो, आज सांगू. मग ती म्हणायची, "सुपरमार्केटच्या आवारात मला आता आपली गाडी लांबून कळते, तुझ्या नावाचा काळा पट्टा दिसतो," आणि मी म्हणायचो, उद्या सांगू. आता रस्त्याच्या कडेला बसून मला स्वच्छ दिसत होतं की मी त्या कारखान्यातल्या बायकांपेक्षा काही वेगळं केलेलं नाही. तेच केलंय. वाकडा कप पाहिला आणि गुपचूप पेटीत टाकला. हे तिला कळलं तर ती माझ्यावर ओरडणार नाही. ती माझाही केक घेईल आणि दार लावून घेईल. शंभर पौंडांचं मला काही नव्हतं. शेहेचाळीस वर्षं ज्या बाईनं मला माझ्या खरेपणासकट सहन केलं, तिच्यासमोर तो खरेपणा फुसका निघायचा होता. याची मला भीती वाटत होती, आणि ती अगदी लहान मुलाला वाटते तशी सरळ भीती होती.

मग एक विचार आला, आणि तो आला याचीच मला लाज वाटते. पाटी गुपचूप बदलायची. आत्ताच, घरी जायच्या आधी. फट बावीस मिलिमीटरनं वाढेल. तिला ती दिसणार नाही! तिला अक्षर अक्षर दिसतच नाही, काळा पट्टा दिसतो, आणि पट्टा पट्ट्याच्या जागी राहील. मी खरोखर टन्स्टॉलकडे वळलो. रस्ता ओला होता, सूर्य खाली होता, जुन्या भट्ट्यांच्या बाटलीसारख्या चिमण्यांवर ऊन पडलं होतं, आणि असल्या वेळीही माझं मन अधूनमधून खूश होत होतं, याचं मला आश्चर्य वाटलं. सकाळ चांगली होती. गाडी छान चालत होती. माझ्या पाठीवर माझं नाव होतं आणि मागून येणारे ते वाचत होते. पाट्या करून देणाऱ्या दुकानात गल्ल्यामागच्या माणसानं अगत्यानं विचारलं, "गाडीचे कागद आणलेत? ओळखपत्र? त्याशिवाय पाटी करून देता येत नाही, डक." बरोबरच आहे. हा नियमही मला पाठ. कागद घरी होते, नोरीनच्या कपाटात, तिच्या खणात, तिनं रंगीत रबरबँड लावून बोटांनी ओळखता येतील असे ठेवलेले. ते काढायचे तर तिच्यासमोरून काढायला हवे होते. मी त्या माणसाचे आभार मानले. इतके मनापासून मानले की तो गोंधळला.

घरी पोचलो तेव्हा नोरीन स्वयंपाकघरात उभी होती, तवा गॅसवर, किटलीतलं पाणी दोनदा उकळून झालेलं. पुडकं हातात घेतल्याबरोबर म्हणाली, "गार झालेत. एक तास कुठे होतास?"

"पोलिसांनी अडवलं."

"तुला?" ती हसली. "काय, फार हळू चालवत होतास म्हणून?"

"पाटीवरून."

 तव्यावर टाकायला घेतलेला ओटकेक तिनं पुन्हा पुडक्यावर ठेवला. मग अगदी सपाट आवाजात विचारलं, "कुठे चुकलंय?"

हा आवाज मी ओळखत होतो. तो मी एप्रन घडी केलेल्या दुपारी ऐकला होता. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "तीन आणि एनच्या मध्ये. तेहतीस पाहिजेत. अकराच आहेत."

"साडेदहा," नोरीन म्हणाली.

मला वाटलं माझ्या कानाला काही झालं.

"साडेदहा आहेत. माझ्या करंगळीच्या नखाएवढी जागा सोडलीय सगळीकडे, आणि माझं नख साडेदहा भरतं. गाळ्यावर पट्टी होती, मोजून घेतलं त्याच्याकडून." तिनं ओटकेक तव्यावर टाकला. "पस्तीस वर्षं चहाबरोबर अकरा आणि तेहतीस, अकरा आणि तेहतीस. अरे, झोपेत विचारलं तरी सांगेन! तुला काय वाटलं, मी बटाटे सोलत होते म्हणजे बहिरी होते?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"माहीत? मुद्दाम केलंय मी ते. तुझी थट्टा करायची होती. मफलर सुटला की तू बघणार, आणि म्हणणार, 'नोरीन, ही नापास.' वाढदिवसाच्या दिवशी, स्वतःच्या नावाला! मग मी पोट धरून हसणार होते आणि दुसरी पाटी काढणार होते. नीट केलेली. जिन्याखाली उशीच्या अभ्र्यात आहे अजून, दोन्ही आहेत, पुढची आणि मागची." तिचा आवाज जरा खाली आला. "आणि तू म्हणालास, झकास."

तव्यावर चीज सुटायला लागलं होतं. मला बसावंसं वाटलं, पण ती उभी असताना बसणं बरं दिसलं नसतं.

"मला वाटलं, झालं," ती म्हणाली. "हाही त्यांच्यातलाच निघाला. आंधळ्या बाईला काय सांगायचं! चौदा महिने मी वाट बघतेय, डेनिस. रोज वाटायचं आज बोलेल. माझी चूक बोलून दाखवणारा या घरात एकच माणूस उरला होता, आणि तोसुद्धा..." तिनं वाक्य सोडून दिलं. मग माझ्याकडे वळली, म्हणजे माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघायला लागली. मला पूर्ण बघायचं असलं की ती तशीच बघते. "एवढंच सांग. का गप्प बसलास? आणि मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस, ते मला लगेच कळतं."

उत्तर तोंडाशी तयार होतं. तुझं मन मोडवेना गं. चौदा महिने मी स्वतःला हेच सांगत होतो, आणि चांगल्या नवऱ्याचं उत्तर म्हणून ते मला शोभूनही दिसत होतं. पण ते बोलायला गेलो आणि मी हल्ली गाडी कशी लावतो ते आठवलं. आयुष्यभर गाडी मी उलटी लावत आलो, तोंड बाहेर, म्हणजे निघताना धोका नको. गॅरेजमध्ये पोरांना मीच शिकवलं तसं. आणि गेले चौदा महिने? गेले चौदा महिने मी सगळीकडे गाडी सरळ आत घुसवत होतो. सुपरमार्केटमध्ये, दवाखान्यात, क्लिफर्डच्या दारात तर आवर्जून. पाठ बाहेर. लोकांच्या जाण्यायेण्याच्या वाटेकडे पाठ. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला जायचो तेव्हा परत येताना गाडीच्या मागे थांबायचो, हात खिशात घालून, दोन मिनिटं, बूट नसतानाही. गॅरेजात मी पॉडमोर, बँकेत पॉडमोर, दाराच्या पाटीवर पॉडमोर, बापाचं नाव आणि आजोबाचं नाव. डेनिस असं नुसतं, सलग, मोठ्या अक्षरांत मी कुठेच नव्हतो. त्या अंगणात मफलर सुटला तेव्हा फट नाही हे मला पहिल्या क्षणी दिसलं हे खरं. पण दुसऱ्या क्षणी मी जे म्हणालो ते खोटं नव्हतं. देवाशप्पथ, खोटं नव्हतं.

"मला आवडलं होतं," मी म्हणालो.

"काय आवडलं?"

"माझं नाव. असं सलग. फट टाकली की तो नुसता नंबर होतो, गं. डी तीन, आणि मग दुसरंच काहीतरी. हे मात्र..." माझे कान गरम झाले होते. "मला काढवेना. नियम ठाऊक असून काढवेना. तुझ्यासाठी म्हणून गप्प बसलो असं मलाही वाटत होतं, पण तुझ्यासाठी नव्हतं ते. माझ्यासाठी होतं."

"म्हणजे माझी कीव नाही?"

"कीव कसली! शुद्ध मिजास."

 मग तिच्या पोटातून हसू वर आलं, आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग तिनं ओट्याला टेकून डोळे पुसले. "मिजास!" ती म्हणाली. "नापास पॉडमोरला मिजास! अरे देवा, क्लिफर्डला फोन करते मी. त्याला हे कळायलाच पाहिजे." करू नकोस म्हटलं तर ती आणखीच हसायला लागली, आणि मलाही हसू आवरेना, आणि तव्यावरचा ओटकेक एका बाजूनं काळा झाला. तिनं तो वासावरून ओळखला, उलटला, आणि काळी बाजू माझ्या ताटात वर करून वाढली. ती मी खाल्ली. इतकं चविष्ट मी बऱ्याच दिवसांत काही खाल्लं नव्हतं.

खाऊन झाल्यावर तिनं जिन्याखालून अभ्रा काढला. आत दोन पाट्या, पांढरी आणि पिवळी, तीनच्या पुढे तेहतीस मिलिमीटर मोकळे, कुणालाही बोट ठेवता येणार नाही असं काम. तिनं बोटानं ती फट चाचपून दाखवली. मी म्हणालो, उत्तम आहे. आणि मग पस्तीस वर्षांत हजारो लोकांच्या तोंडून ऐकलेलं, एकालाही कधी मान्य न केलेलं वाक्य माझ्या तोंडून गेलं.

"सोमवारी बदलली तर चालेल का?"

नोरीननं विचार केला. "रस्त्यावर न्यायची नाही."

"अजिबात नाही. अंगणात उभी राहील. अंगण काही सार्वजनिक रस्ता नाही, तिथे हा नियम लागू होत नाही."

"उद्या चर्चला चालत जायचं."

"चालत जाऊ."

तिनं कोट चढवला, मी बूट घातले, आणि दोघं चहाचे कप घेऊन बाहेर गाडीच्या मागे जाऊन उभे राहिलो. थंडी होती पण ऊन आलं होतं, रस्त्यावरून शनिवारची माणसं पिशव्या घेऊन जात होती. ती हळूच माझ्याजवळ सरकली.

"कुणी बघतंय का रे?" तिनं विचारलं.

"अजून कुणी नाही," मी म्हणालो.

"मग थांबू या की थोडं," नोरीन म्हणाली.